अमेरिकेतील गुलामगिरी नेमकी कोणत्या तारखेला संपली?

फ्रेडरिक डग्लस यांना स्वतःची जन्मतारीख शेवटपर्यंत कळली नाही. मेरीलँड राज्यातील टॅलबट परगण्यात ते गुलाम म्हणून जन्मले, ३ सप्टेंबर १८३८ रोजी गुलामीतून निसटले आणि पुढे त्यांच्या काळातील सर्वांत प्रभावी वक्त्यांत त्यांची गणना झाली. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहिले आहे की, आपला वाढदिवस सांगू शकेल असा गुलाम त्यांना कधी भेटल्याचे आठवत नव्हते. कोणाला विचारलेच तर पेरणीच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत, चेरी पिकतात त्या सुमारास, एवढेच उत्तर मिळत असे. आजूबाजूच्या गोऱ्या मुलांना आपापली वये ठाऊक होती आणि आपल्याला ते का कळू नये, हा प्रश्न त्या लहान मुलाला बोचत राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी मालकाच्या हिशेबवहीत एक नोंद सापडली: हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८. महिना आहे, वर्ष आहे, पण दिवस तेथेही नाही, कारण मालमत्तेच्या नोंदीला दिवसाची गरज नसते. आई आपल्याला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणत असे, या धूसर आठवणीवरून डग्लस यांनी १४ फेब्रुवारी हा आपला जन्मदिवस मानला.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेले इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तेव्हा त्यांनी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी आणि डग्लस यांनी मानलेला १४ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस त्याच आठवड्यात येत होते. १९७६ पासून हा सप्ताह महिनाभराचा झाला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिना ज्या इतिहासासाठी राखून ठेवलेला आहे, त्याच्या मुळाशी अशी एक तारीख आहे जी एका माणसाने नाइलाजाने स्वतःच ठरवून घेतली होती. या इतिहासातील तारखा सनावळीसारख्या पाठ करण्याच्या नाहीत, असे मला वाटते ते यामुळेच. ज्यांना स्वतःची तारीख बाळगण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या आयुष्यात प्रत्येक तारीख कोणाच्या तरी सहीने आली किंवा कोणाच्या तरी धाडसाने आली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील गुलामगिरी कधी संपली, असे विचारले तर आपल्याकडे बहुतेक जण १८६३ हे वर्ष सांगतात आणि लिंकन यांचे नाव घेतात. अमेरिकेत सार्वजनिक सुट्टी मात्र १९ जूनला असते आणि ती १८६५ सालच्या प्रसंगाची आठवण म्हणून असते. गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीची तारीख ६ डिसेंबर १८६५ आहे. राजधानी वॉशिंग्टन शहर १६ एप्रिल हा आपला मुक्तिदिन मानते आणि त्याचे वर्ष १८६२ आहे. यातील एकही तारीख चुकीची नाही. कोणतीही तारीख समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात: तो निर्णय कोणाच्या अधिकाराने झाला, तो कोणाला लागू होता आणि त्यातून कोणाला वगळले होते. हे तीन प्रश्न विचारत गेले की सगळा गुंता उलगडतो.

राज्यांच्या हातातली गुलामगिरी

पहिली अडचण अशी की, अमेरिकेत गुलामगिरी ही देशाच्या एकाच कायद्याने चालत नव्हती. ती त्या त्या राज्याच्या कायद्याने चालत होती. १७८७ साली तयार झालेल्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही वापरलेला नाही, तरी गुलामगिरीची सोय मात्र करून ठेवलेली होती. लोकप्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची मोजणी तीन-पंचमांश प्रमाणात करावी, म्हणजे पाच गुलामांमागे तीन माणसे धरावीत, असे त्यात होते. याचा फायदा अर्थातच मालकांच्या राज्यांना मिळाला, कारण मोजले जाणाऱ्यांना मत नव्हते आणि त्यांच्या संख्येवर वाढलेल्या जागा मालकवर्गाच्या हाती जात होत्या. एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो परत करावा, हेही घटनेतच होते. आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, बंदी घालता येणार नव्हती. त्या वर्षी १ जानेवारीला ती बंदी अमलात आली, पण देशांतर्गत खरेदी-विक्री चालूच राहिली. १७९३ साली कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र निघाल्यापासून दक्षिणेत कापसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले होते आणि व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसे मिसिसिपी, अलाबामा, लुईझियाना, टेक्सास अशा नव्या मळ्यांकडे विकली जात होती.

उत्तरेकडील राज्यांनी आपापल्या कायद्यांनी गुलामगिरी बंद केली, तीही बऱ्याच ठिकाणी हप्त्याहप्त्याने. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये केलेल्या कायद्याने त्या वेळी गुलाम असलेल्या कोणालाही लगेच मुक्त केले नाही. त्यानंतर जन्मलेली मुले अठ्ठावीस वर्षे राबल्यावर मुक्त होणार होती. न्यूयॉर्क राज्यात शेवटचे गुलाम मुक्त झाले ते ४ जुलै १८२७ रोजी. तेथील कृष्णवर्णीयांनी हा आनंद ५ जुलैला साजरा केला, कारण ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन आपला आहे असे त्यांना वाटत नव्हते. डग्लस यांनी १८५२ साली रॉचेस्टर येथे आपले गाजलेले भाषण केले, त्याचाही दिवस ५ जुलैच होता, आणि ४ जुलै गुलामाच्या लेखी काय आहे हाच त्या भाषणाचा विषय होता. याच काळात उत्तरेतील अनेक गावांत कृष्णवर्णीय लोक १ ऑगस्टला मिरवणुका काढत. तो दिवस अमेरिकेचा नव्हताच. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात आला होता, त्याचा तो वर्धापनदिन होता. त्या कायद्यातही अटी होत्या. मुक्त झालेल्यांना १८३८ पर्यंत ‘उमेदवार’, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून जुन्याच मालकांकडे राबावे लागले, नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे आपला देश, त्यातून वगळलेला होता. भारतात गुलामाच्या मालकीचा दावा न्यायालयाने मानू नये असा कायदा झाला तो १८४३ साली.

१८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९,५३,७६० गुलाम नोंदले गेले. त्याच्या तीनच वर्षे आधी, ६ मार्च १८५७ रोजी, ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की, आफ्रिकी वंशाचे लोक, मग ते मुक्त असोत वा गुलाम, अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत आणि राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांतही काँग्रेसला गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही. लिंकन मार्च १८६१ मध्ये अध्यक्ष झाले, तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितले की, ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि तसा आपला विचारही नाही. हे वाक्य ध्यानात ठेवले तरच पुढची घोषणा तशी का लिहिली गेली, हे समजते.

एका होडीतील तीन माणसे

दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली, एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. पुढच्याच महिन्यात, २३ मेच्या रात्री, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका होडीतून खाडी ओलांडून मन्रो किल्ल्यात आले. किल्ला केंद्र सरकारच्या फौजेच्या ताब्यात होता. समोरच्या काठावर बंडखोर फौजेसाठी तोफांचा मोर्चा उभारण्याच्या कामाला मालकाने त्यांना लावले होते आणि तेथून आणखी दक्षिणेला, बायकामुलांपासून दूर नेले जाण्याची त्यांना भीती होती. दुसऱ्या दिवशी बंडखोरांचा एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळालेले गुलाम परत करण्याच्या कायद्यान्वये त्याने तिघांना मागितले. किल्ल्याचे प्रमुख बेंजामिन बटलर हे पेशाने वकील होते. त्यांनी उत्तर दिले की, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग अमेरिकेचा कायदा तिला कसा मिळेल? शत्रू ज्यांना युद्धकामाला जुंपतो, त्यांना युद्धातील जप्त माल म्हणून आपण ठेवून घेतो.

या युक्तिवादात माणसाला ‘माल’च म्हटलेले आहे, हे खरे. पण बातमी रातोरात पसरली आणि काही आठवड्यांत शेकडो स्त्री-पुरुष, मुले घेऊन, त्या किल्ल्याच्या दाराशी आली. कोणतीही घोषणा झालेली नव्हती, कायदा बदललेला नव्हता. माणसे आपल्या पायांनी चालत आली आणि सरकारला निर्णय घेणे भाग पडले. ऑगस्ट १८६१ मध्ये काँग्रेसने जप्तीचा कायदा केला, मार्च १८६२ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना पळून आलेले गुलाम परत करण्यास मनाई केली. मुक्तीच्या तारखांची यादी करायची तर माझ्या मते तिच्यात २३ मे १८६१ ही तारीख वरच्या बाजूला असायला हवी. योगायोग असा की, हा किल्ला ज्या भूशिरावर उभा आहे, त्याच पॉइंट कम्फर्टला ऑगस्ट १६१९ मध्ये अंगोलाकडून धरून आणलेली वीसएक माणसे एका इंग्रज जहाजाने उतरवली होती, आणि इंग्रजांच्या वसाहतीत विकल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांची पहिली नोंद म्हणून तीच घटना सांगितली जाते.

१६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीतील गुलामगिरी रद्द झाली. राजधानीचा प्रदेश कोणत्याच राज्यात मोडत नव्हता, त्यामुळे तेथे काँग्रेसचा अधिकार थेट चालत होता. सुमारे ३,१०० माणसे मुक्त झाली आणि मालकांना प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळाली. ज्यांनी आयुष्यभर फुकट काम केले होते त्यांच्यासाठीही कायद्यात रक्कम होती, पण ती १०० डॉलरपर्यंतची आणि देश सोडून जाण्यास तयार असलेल्यांनाच मिळणारी.

१ जानेवारी १८६३

आता बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे सांगणाऱ्या लिंकन यांच्या घोषणेविषयी. शांततेच्या काळात राज्यांच्या कायद्याला हात लावता येत नाही, हे त्यांनी मान्य केले होते. पण अध्यक्ष हा सैन्याचा सरसेनापतीही असतो, आणि शत्रूचे बळ तोडण्यासाठी त्याची मालमत्ता काढून घेण्याचा अधिकार सरसेनापतीला असतो. घोषणा या एकाच पायावर उभी आहे, म्हणून ती जेथे युद्ध चालू होते तेथेच लागू होऊ शकत होती. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिटमची लढाई झाली, पाच दिवसांनी लिंकन यांनी बंडखोर राज्यांना इशारा दिला आणि साधारण शंभर दिवसांची मुदत संपल्यावर १ जानेवारी १८६३ रोजी अंतिम घोषणेवर सही केली. त्या सकाळी नववर्षाच्या भेटीला आलेल्या लोकांशी तासन्‌तास हस्तांदोलन करून त्यांचा हात बधिर झाला होता. सहीत कंप दिसला तर आपण कचरलो असे पुढे लोक म्हणतील, म्हणून त्यांनी थांबून, सावकाश, पूर्ण नाव लिहिले.

घोषणेत वगळलेल्या ठिकाणांची यादी बरीच लांब आहे. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही गुलामगिरी असलेली पण संघराज्यातच राहिलेली चार राज्ये तिच्या बाहेर होती. टेनेसी बाहेर होते. लुईझियानातील न्यू ऑर्लीन्ससह तेरा परगणे, पुढे वेस्ट व्हर्जिनिया झालेला सगळा भाग, आणि मन्रो किल्ला ज्यात येतो तो एलिझाबेथ सिटी परगणासुद्धा बाहेर होता, कारण हे भाग केंद्राच्या ताब्यात आलेले होते आणि तेथे ‘युद्धाची गरज’ हे कारण लागू पडत नव्हते. यावरून काही जण असे म्हणतात की, लिंकन यांनी जेथे आपली सत्ता नव्हती तेथेच गुलाम मुक्त केले, म्हणजे प्रत्यक्षात कोणालाच मुक्त केले नाही. हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतची बेटे तेव्हा केंद्राच्या ताब्यात होती आणि वगळलेल्या यादीतही नव्हती. तेथे ब्यूफर्टजवळच्या छावणीत, मोठमोठ्या ओक वृक्षांखाली, त्याच दिवशी घोषणा वाचली गेली आणि हजारो माणसे त्या क्षणी कायद्याने मुक्त झाली. वाचन संपले, निशाण फडकले, आणि कार्यक्रमपत्रिकेत नसताना गर्दीतून एका वृद्ध माणसाचा खरखरीत आवाज आला. आपल्या देशाविषयीचे गाणे तो म्हणू लागला, दोन स्त्रियांनी सूर मिळवला आणि मग सगळा जमाव गाऊ लागला. तेथील कृष्णवर्णीय पलटणीचे कर्नल हिगिन्सन यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. व्यासपीठावरचे गोरे पाहुणे साथ देऊ लागले तेव्हा त्यांनी त्यांना गप्प राहायला सांगितले.

घोषणेतील आणखी एक कलम तितकेच महत्त्वाचे होते: मुक्त झालेल्या पुरुषांना सैन्यात घेतले जाईल. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक केंद्राच्या फौजेत दाखल झाले. घोषणा जेथे कागदावरच होती, तेथे ती घेऊन जाणाऱ्यांत हे सैनिकही होते. दरम्यान वगळलेल्या राज्यांपैकी मेरीलँडने १ नोव्हेंबर १८६४ पासून, मिझुरीने ११ जानेवारी १८६५ रोजी, आणि टेनेसीने त्यानंतर लगेच फेब्रुवारीत स्वतःच्या निर्णयाने गुलामगिरी रद्द केली.

गॅल्व्हेस्टनचा हुकूम

९ एप्रिल १८६५ रोजी बंडखोर फौजेचे सेनापती जनरल ली शरण आले, १५ एप्रिलला लिंकन यांचा गोळी लागून मृत्यू झाला, आणि तरीही टेक्सासमधील मळ्यांवर रोजचा दिवस पूर्वीसारखाच उगवत होता. टेक्सास हे युद्धभूमीपासून सर्वांत दूरचे राज्य होते. केंद्राची फौज जवळ येईल तसे लुईझियाना, मिसिसिपी, आर्कान्सासकडचे मळेवाले आपले गुलाम हाकत टेक्सासला नेत होते. त्यामुळे १८६० मध्ये तेथे १,८२,५६६ गुलाम नोंदलेले असताना युद्धाच्या अखेरीस ती संख्या सुमारे अडीच लाखांवर गेली होती.

१९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन बंदरातून आदेश क्रमांक ३ काढला. त्यांच्या हाताशी सुमारे २,००० सैनिक होते. आदेश जेमतेम चार वाक्यांचा आहे आणि तो लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. पहिले वाक्य सांगते की, अध्यक्षांच्या घोषणेनुसार सर्व गुलाम मुक्त आहेत. दुसरे वाक्य त्याहून पुढे जाते: याचा अर्थ पूर्वीचे मालक आणि पूर्वीचे गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समानता, आणि त्यांच्यातील नाते यापुढे काम देणारा आणि मजुरीवर काम करणारा असे राहील. येथपर्यंत वाचून मन भरून येते. तिसऱ्या वाक्यात मुक्त झालेल्यांना सल्ला आहे की, त्यांनी सध्याच्या घरीच शांतपणे राहावे आणि मजुरीवर काम करावे. चौथ्यात ताकीद आहे की, लष्करी ठाण्यांवर जमू दिले जाणार नाही आणि रिकामे बसणाऱ्यांना तेथे किंवा अन्यत्र कोठेही पोसले जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसांना मुक्तीच्या पहिल्या दिवशी आळसाविषयी बजावण्यात आले, आणि ‘सध्याचे घर’ म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मालकाच्याच आवारातली झोपडी होती.

मुक्तीची बातमी टेक्सासला पोहोचायला अडीच वर्षे लागली, असे या दिवसाविषयी नेहमी सांगितले जाते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. घोषणेची बातमी मालकांना युद्धाच्या काळातच ठाऊक होती आणि ती कुजबुजीने अनेक गुलामांपर्यंतही गेलेली होती. पोहोचली नव्हती ती अंमलबजावणी करणारी सत्ता. आदेश निघाल्यावरही कित्येक मळ्यांवर तो वाचून दाखवणे मालकाच्याच मर्जीवर होते, आणि हंगामाचे पीक घरात येईपर्यंत गप्प बसलेल्या मालकांचे दाखले पुष्कळ आहेत. म्हणून टेक्सासमध्येही मुक्ती एका दिवशी आली नाही. मळ्यामळ्याची तारीख वेगळी होती.

मुक्त झाल्यावर अनेकांनी पहिले काम केले ते आपली माणसे शोधण्याचे. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या वृत्तपत्रांत ‘माहिती हवी’ या मथळ्याखाली छोट्या जाहिराती येऊ लागल्या. आईचे नाव, तिला कोणी कोणाला विकले, कोणत्या गावी नेले, तेव्हा आपण किती लहान होतो, आणि कोणाला काही ठाऊक असल्यास अमुक चर्चच्या पाद्र्यांच्या पत्त्यावर कळवावे, असा मजकूर असे. माणसाची ओळख पटवायला मालकांच्या नावांची साखळी द्यावी लागत होती. अशा जाहिराती पुढे कित्येक दशके छापून येत राहिल्या.

घटनादुरुस्ती आणि तिच्यातील पळवाट

१९ जूननंतरही केंटकी आणि डेलावेअर येथे गुलामगिरी कायदेशीर होती. लिंकन यांची घोषणा युद्धकाळातील हुकूम होती. युद्ध संपल्यावर न्यायालयांनी ती टिकवली असती की नाही, याची खात्री नव्हती. म्हणून घटनेतच बदल करणे आवश्यक होते. तेरावी घटनादुरुस्ती सिनेटने ८ एप्रिल १८६४ रोजी संमत केली. प्रतिनिधिगृहात ती एकदा पडली आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. त्यानंतर ३६ पैकी २७ राज्यांची मान्यता लागणार होती. ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाने मान्यता दिली आणि ती संख्या पूर्ण झाली. देशभरातील गुलामगिरी कायद्याने संपल्याची तारीख हवी असेल, तर ती हीच. केंटकी आणि डेलावेअर या दोघांनी दुरुस्ती फेटाळली होती, पण आता ती त्यांच्यावरही बंधनकारक झाली. डेलावेअरने प्रतीकात्मक मान्यता दिली १९०१ साली, केंटकीने १९७६ साली. मिसिसिपीने १९९५ साली ठराव केला, पण त्याची रीतसर कागदपत्रे केंद्राकडे नोंदली गेली २०१३ साली. चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या मूलनिवासी राष्ट्रांच्या प्रदेशातही गुलाम होते; तेथील गुलामगिरी १८६६ मधील स्वतंत्र तहांनी संपली.

दुरुस्तीच्या मजकुरात एक अपवाद आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीची चाकरी चालेल. हे शब्द जुन्या कायद्यातून उचललेले होते, पण दक्षिणेतील राज्यांना त्यांचा उपयोग ताबडतोब कळला. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये, म्हणजे दुरुस्ती अमलात येण्याच्याही आधी, कायदे करून ठेवले. जानेवारी १८६६ च्या दुसऱ्या सोमवारी ज्या कृष्णवर्णीय माणसाकडे कामधंदा असल्याचा लेखी पुरावा नसेल, तो ‘भटक्या’ म्हणून गुन्हेगार ठरणार होता. दंड भरता आला नाही तर तो दंड भरणाऱ्या माणसाकडे त्याला कामाला जुंपले जाणार होते. मुक्तीच्या तारखांच्या शेजारी हा दुसरा सोमवारही लिहून ठेवला पाहिजे. पुढे अनेक राज्यांनी कैदी भाड्याने देण्याचा धंदाच उभा केला. अलाबामात तो १९२८ पर्यंत चालला. टेक्सासमधील शुगर लँड या गावी २०१८ साली बांधकामासाठी खोदकाम करताना ९५ जणांचे सांगाडे सापडले. उसाच्या मळ्यांवर भाड्याने दिलेले ते कैदी होते, आणि ते १८६५ नंतरचे होते.

नागरिकत्व आणि कायद्यापुढील समानता देणारी चौदावी दुरुस्ती ९ जुलै १८६८ ला, वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही असे सांगणारी पंधरावी ३ फेब्रुवारी १८७० ला मान्य झाली, आणि त्याच महिन्यात मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला तो या आशेच्या दिवसांत. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी तो अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून एवढ्या लवकर त्या घटनेचे मर्म ओळखणाऱ्या दृष्टीचे मला फार मोल वाटते. आणि त्या अर्पणपत्रिकेच्या मानकऱ्यांत होडीतून आलेल्या त्या तिघांना आणि पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिकांनाही धरावे, असे मनापासून वाटते. १८७७ साली केंद्राच्या फौजा दक्षिणेतून मागे घेतल्या गेल्या, १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केले, आणि पंधराव्या दुरुस्तीतील मताधिकार दक्षिणेत प्रत्यक्ष हाती यायला ६ ऑगस्ट १९६५ चा कायदा व्हावा लागला.

टेक्सासमधील मुक्त झालेल्या लोकांनी १८६६ पासूनच १९ जून पाळायला सुरुवात केली. ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ हे शब्द एकमेकांत मिसळून ‘जूनटीन्थ’ हे नाव रूढ झाले. प्रार्थना, मुक्तीच्या घोषणेचे वाचन, निखाऱ्यावर भाजलेले मांस, कलिंगड आणि लाल रंगाचे सरबत हे त्या दिवसाचे ठरलेले भाग झाले. सार्वजनिक जागा त्यांच्यासाठी खुल्या नव्हत्या, म्हणून ह्यूस्टनमध्ये पाद्री जॅक येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७२ साली पैसे जमवून १० एकर जमीन खास या दिवसासाठी विकत घेतली. ते स्वतः गुलामगिरीतून आलेले होते. त्यांनी घेतलेली ती बाग, ‘इमॅन्सिपेशन पार्क’, आजही तेथे आहे. टेक्सासने या दिवसाला १९८० पासून राज्याची सुट्टी दिली.

देशाची सुट्टी व्हायला आणखी चार दशके गेली आणि त्यात फोर्ट वर्थ येथील निवृत्त शिक्षिका ओपल ली यांचा वाटा मोठा आहे. १९३९ साली त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या आईवडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले होते. काही दिवसांतच जमाव चालून आला आणि त्याने ते घर उद्ध्वस्त केले. तारीख होती १९ जून. २०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने पायी निघाल्या. गावोगावी त्या अडीच मैल चालत, टेक्सासने वाट पाहिलेल्या अडीच वर्षांची आठवण म्हणून. १७ जून २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सुट्टीच्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. जमावाने उद्ध्वस्त केलेल्या घराची जागा मोकळी पडून होती. एका सेवाभावी संस्थेने ती त्यांना परत मिळवून दिली, तेथे नवे घर बांधले, आणि जून २०२४ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्या घराच्या किल्ल्या ओपल ली यांच्या हातात आल्या.